कोचला बॅट हातात घेता येत नाही

लोकलच्या गर्दीत ज्यांना ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथे लिहून देतोय. आज क्रिकेट आहे, पण विषय धंद्याचा आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. खडवलीत माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटंसं दुकान आहे. हाताखाली दोन पोरं. मागच्या वर्षी त्यातल्या एकाकडून डिस्प्ले बदलताना स्ट्रिप तुटली. गिऱ्हाईक समोरच उभं. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणालो, "थांब, मी करतो." त्यानंतर कितीतरी महिने त्याला मी कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासच देत राहिलो. एक दिवस तो म्हणाला, "दादा, मी इथे नुसत्या काचा चिकटवतो. कल्याणला काम बघू का?"

तेव्हा मला राग आला. मग 2025 चा महिला वर्ल्ड कप बघितला आणि अमोल मुजुमदार डोक्यात बसले.

हा माणूस कोण?

1988 ची हॅरिस शील्ड. शारदाश्रमकडून तेंडुलकर आणि कांबळी यांची 664 धावांची अभेद्य भागीदारी. पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसून राहिला, त्याची बारी आलीच नाही. तो मुलगा म्हणजे मुजुमदार. आचरेकर सरांचाच शिष्य. पुढे मुंबईकडून रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी हरियाणाविरुद्ध 260 केल्या. प्रथम श्रेणीत 11 हजारांहून जास्त धावा. तरी भारताकडून एकही सामना नाही!

ऑक्टोबर 2023 मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य कोच झाले. आता विचार करा, आयुष्यभर बारीची वाट पाहिलेल्या माणसाला असं काम मिळालं, ज्यात बॅट हातात घेताच येत नाही. सामना सुरू झाला की कोच सीमारेषेच्या बाहेर. मला वाटतं, धंद्यासाठी सगळा धडा इथेच आहे. मालकाला मात्र कधीही आत घुसता येतं, आणि म्हणूनच आपली टीम कच्ची राहते.

काढलं, पण परत कधी आणलं?

वर्ल्ड कपमध्ये भारत सलग तीन सामने हरला: दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. इंग्लंडविरुद्ध तर फक्त 4 धावांनी. त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला संघाबाहेर बसवलं होतं. म्हणजे मोठ्या संघातही माणसाला काढतात, त्यात गैर काही नाही. पण न्यूझीलंडविरुद्धच्या पुढच्याच सामन्यात ती परत आली, आणि वरच्या नंबरवर खेळली. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद 127 केल्या.

मी माझ्या पोराला किती दिवस बाहेर ठेवलं? महिनोन्‌महिने. आणि परत कधी घेणार, हेसुद्धा सांगितलं नव्हतं.

सूचना किती लांब असावी?

त्याच सेमीफायनलला मुजुमदारांनी ड्रेसिंग रूममधल्या बोर्डावर लिहिलेलं वाक्य गाजलं. अर्थ एवढाच, की फायनलला जायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी, बस्स. एवढं मोठं टार्गेट असताना भाषण नाही. आपण मात्र सकाळी शटर उघडल्यापासून दहा सूचना देतो, आणि संध्याकाळी विचारतो, लक्षात का राहिलं नाही?

निर्णय कुणाचा?

2 नोव्हेंबरची फायनल, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. शेफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आली आणि फायनलला 87 धावा करून गेली. पण गंमत पुढे आहे. दक्षिण आफ्रिकेची जोडी जमली असताना हरमनप्रीतने शेफालीच्या हातात बॉल दिला. कॅप्टनला आतून वाटलं, तिने केलं. शेफालीने दोन विकेट काढल्या आणि भारत 52 धावांनी जिंकला. तयारी कोचची, पण त्या क्षणाचा निर्णय मैदानात उभ्या असलेल्या माणसाचा.

सामन्यानंतर हरमनप्रीत मुजुमदारांच्या पाया पडली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल.

मग दुकानात काय बदललं?

एक गोष्ट मान्य करतो. दुकान म्हणजे वर्ल्ड कप नाही. कोचकडे निवड समिती असते, राखीव खेळाडू असतात. माझ्याकडे दोनच पोरं, आणि फुटलेल्या डिस्प्लेचे पैसे माझ्याच खिशातून जातात. म्हणून मदरबोर्डचं काम अजून मीच करतो. पण डिस्प्ले पूर्ण त्याच्याकडे दिलाय. आधी भंगारातल्या फोनवर हात बसवून घेतला, मग गिऱ्हाईकाचा फोन. पहिल्या दिवशी तो स्ट्रिप लावत होता तेव्हा माझे हात नुसते शिवशिवत होते. मग मी सरळ बाहेर जाऊन चहा घेऊन आलो. टपरीवर उभं राहिलो तेवढीच काय ती माझी सीमारेषा!

परवा माझ्या गैरहजेरीत एक गिऱ्हाईक आलं. पोराने फोन तपासला आणि सांगितलं, "डिस्प्ले चांगलाय, बदलू नका." आमचं बिल बुडालं. पण तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन घेऊन आलं, आणि मला नाही, त्याला शोधत आलं.

कल्याणला जायचं तो आता बोलत नाही. उद्या बोलला, तर काम शिकून जाईल, तेही चालेल.

तुमच्याकडे असं कुणी आहे का, ज्याला तुम्ही एका चुकीवरून बाहेर बसवलंय? या आठवड्यात त्याला एक काम पूर्ण द्या, आणि तुम्ही चहाला जा. भेटू पुढच्या भागात!