संगणकाच्या जलशीतन प्रणालीतील पाण्याची टाकी : आराखडा आणि चाचणी

प्रास्ताविक :

संगणकाच्या प्रोसेसरला मिळणारी जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जा अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी हे हवेपेक्षा कितीतरी अधिक कार्यक्षम माध्यम आहे. समान आकारमानाचे पाणी व हवा समान अंशांनी तापविल्यास पाणी हवेच्या सुमारे ३५०० पट उष्णता सामावून घेते. म्हणूनच १९८० साली जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ या मोठ्या संगणकात पाण्याने शीतन करण्याची योजना होती. पुण्याच्या 'आयसर' संस्थेत २०१९ साली कार्यान्वित झालेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकातही द्रवशीतनाचा अवलंब करण्यात आला. वैयक्तिक संगणकासाठीही अशी प्रणाली उभारता येते. तिच्यात पंप, प्रोसेसरवरील धातूचा ठोकळा, रेडिएटर, नळ्या आणि पाण्याची टाकी हे प्रमुख घटक असतात. यांपैकी टाकीच्या कार्याविषयी मोठा गैरसमज आढळतो.

उद्दिष्टे :

१) टाकीचे नेमके कार्य स्पष्ट करणे.
२) टाकीच्या आकारमानामागील गणित मांडणे.
३) महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करता येतील अशा चाचण्या सुचविणे.

टाकी पाणी थंड करते काय?

'टाकी जितकी मोठी, तितका संगणक थंड' हा समज सर्वसाधारण आहे. परंतु तो शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. उदाहरणादाखल २५० वॅट उष्णता निर्माण करणारा संगणक घेऊ. त्याचा रेडिएटर एवढी उष्णता बाहेर टाकताना पाणी खोलीच्या तापमानापेक्षा १० अंश सेल्सिअसने अधिक राहते, असे मानू. प्रणालीत एकूण १ लीटर पाणी असल्यास या वाढीपैकी ६३ टक्के वाढ होण्यास सुमारे १६७ सेकंद लागतात. पाणी २ लीटर केल्यास हाच काळ सुमारे ३३५ सेकंद होतो. अंतिम तापमान मात्र दोन्ही वेळी तेच राहते. याचा अर्थ असा की, मोठी टाकी तापमानवाढ लांबणीवर टाकते, टाळत नाही. अंतिम तापमान ठरविण्याचे काम मुख्यतः रेडिएटरचे आहे. शिवाय पंप बंद पडल्यास टाकीतील पाणी प्रोसेसरपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे मोठी टाकी हे पंपाच्या बिघाडावरील संरक्षणही ठरत नाही.

मग टाकीचे प्रयोजन कोणते? पाण्यातील हवेचे बुडबुडे वेगळे करणे, तापल्यावर प्रसरण पावणाऱ्या पाण्याला जागा देणे, नळ्यांतून हळूहळू होणारी पाण्याची घट भरून काढणे आणि पंपाचे तोंड सदैव पाण्याखाली ठेवणे, ही तिची चार कार्ये होत. केंद्रोत्सारी पंप स्वतःहून हवा बाहेर काढून पाणी खेचू शकत नाही. म्हणून टाकी पंपाच्या वर ठेवावी लागते.

आराखड्याचे गणित :

प्रवाहदर मिनिटास ४ लीटर मानू. १० मि.मी. आंतरव्यासाच्या नळीत पाण्याचा वेग सेकंदास सुमारे ०.८५ मीटर होतो. एवढ्या वेगात बारीक बुडबुडे पाण्याबरोबर फिरतच राहतात. स्टोक्सच्या नियमानुसार ०.१ मि.मी. व्यासाचा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदास साधारण ५ ते ६ मि.मी. वर चढतो.

येथे जलशुद्धीकरण केंद्रातील निवळण टाकीचे तत्त्व उपयोगी पडते. प्रवाहदराला टाकीच्या पृष्ठफळाने भागले असता येणाऱ्या वेगापेक्षा ज्या कणाचा उभा वेग अधिक असतो, तो कण वेगळा होतो. या विभाजनात आदर्श स्थितीत टाकीच्या खोलीला महत्त्व नसते. ॲलन हेझन यांनी १९०४ साली हा विचार मांडला. तेथे गाळ खाली बसतो, येथे बुडबुडा वर येतो, इतकाच फरक. १२० × १०० मि.मी. पृष्ठफळाच्या टाकीत हा वेग सेकंदास सुमारे ५.६ मि.मी. येतो, म्हणजे ०.१ मि.मी.चा बुडबुडा जेमतेम वेगळा होऊ शकतो. म्हणून उंच व अरुंद टाकीपेक्षा पसरट टाकी सरस ठरते. मात्र आत येणारी धार सरळ निर्गमाकडे गेल्यास हे गणित कोलमडते. तिच्यासमोर आडपट्टी बसविणे आवश्यक आहे. निर्गमावर पुरेसे पाणी नसल्यास भोवरा निर्माण होऊन हवा पुन्हा आत ओढली जाते. खोलीचे महत्त्व आहे ते या ठिकाणी.

पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे ०.८ टक्क्याने, म्हणजे लीटरमागे ८ मि.लि.ने वाढते. पूर्ण बंद व दृढ भिंतींच्या प्रणालीत वर केवळ ४० मि.लि. हवा ठेवल्यास दाब वातावरणापेक्षा सुमारे ०.४ बारने वाढतो. वरील आकाराच्या झाकणावर त्यामुळे जवळजवळ ५० किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो. हवेची जागा १२० मि.लि. ठेवली तर हाच दाब ०.२५ बारच्या आत राहतो. टाकीचे सांधे गळण्यामागे असे दुर्लक्षित प्रसरणही असू शकते.

द्रव्याची निवड :

ॲक्रिलिक पारदर्शक असून कापण्यास व जोडण्यास सोपे आहे. परंतु अल्कोहोलच्या संपर्काने त्यास बारीक तडे जाऊ शकतात. त्यामुळे अशा द्रवाने ते पुसू नये. प्रोसेसरवरील ठोकळा तांब्याचा असल्यास ॲल्युमिनियमची टाकी टाळावी. या दोन धातूंच्या प्रमाण विद्युत्‌द्वार विभवांत सुमारे २ व्होल्टचा फरक आहे. एकाच पाण्याच्या संपर्कात आल्यास ॲल्युमिनियमचे क्षरण होते. प्रकाशात पारदर्शक टाकीत शेवाळ वाढू शकते; त्यामुळे ऊर्ध्वपातित पाण्यात क्षरणरोधक व जंतुनाशक द्रव्य मिसळणे इष्ट.

चाचण्या :

१) गळती : संगणकाचे भाग जोडण्यापूर्वीच ही चाचणी करावी. टाकी पाण्याने पूर्ण भरून तिला जोडलेली नळी जिन्यावरून ५ मीटर उंच न्यावी व तीही पाण्याने भरावी. त्यामुळे सुमारे ०.४९ बार दाब मिळतो. खाली कोरडा टिपकागद ठेवून २४ तास निरीक्षण करावे. दाबलेल्या हवेने चाचणी करू नये. टाकी फुटल्यास तुकडे वेगाने उडण्याचा धोका असतो.

२) प्रवाहदर : परतीचे पाणी मोजपात्रात घेऊन वेळ नोंदवावा. २ लीटरसाठी ३० सेकंद लागल्यास दर मिनिटास ४ लीटर होय.

३) हवेचे विभाजन : सिरिंजने १० मि.लि. हवा सोडून पारदर्शक नळीतील बुडबुडे नाहीसे होण्यास लागणारा वेळ मोजावा. आडपट्टीसह व आडपट्टीविना हीच कृती करून तुलना करावी.

४) औष्णिक चाचणी : २५० वॅटचा विद्युत् तापक लावून दर ३० सेकंदांनी पाण्याचे व खोलीचे तापमान नोंदवावे. कमी व अधिक पाणी ठेवून दोन आलेख काढावेत. वरील विवेचन खरे असल्यास आलेखांचा चढ भिन्न, पण अंतिम पातळी समान दिसली पाहिजे. ठोकळ्यात शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानातील फरक येथे केवळ ०.९ अंश असतो. त्यामुळे अर्धा अंश चूक दाखविणाऱ्या तापमापकाने त्यावरून निष्कर्ष काढू नयेत.

समारोप :

टाकी हे थंडाव्याचे कोठार नसून हवा, प्रसरण आणि गळती यांचे नियमन करणारे साधन आहे. तिचे पृष्ठफळ बुडबुड्याच्या वेगावरून, खोली भोवऱ्यावरून आणि रिकामी जागा प्रसरणावरून ठरते. टाकी मोठी करण्यावर होणारा खर्च रेडिएटरवर केल्यास तापमान प्रत्यक्ष कमी होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व संगणकशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र आणणारा हा अल्पखर्चिक प्रकल्प आहे. 'मोठे म्हणजे चांगले' हा समज मोजमापाने तपासून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागणे, हे त्याचे खरे शैक्षणिक मूल्य होय.