घरगुती आर्केड कॅबिनेट – लेखांक ६ : मुकी बटणे

मागील लेखांकात नियंत्रण-फलकाची जोडणी पूर्ण झाली. त्यानंतर पहिल्याच चाचणीत एखादे बटण मुके निघाले, तर बहुतेक जण आधी ते बटणच बदलायला काढतात. परंतु नवे बटण सहसा बिघडलेले नसते, आणि दोष बहुधा त्याच्या मागच्या तारेत, तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या लगमध्ये किंवा संगणकातल्या मांडणीत असतो. म्हणून पेचकस हाती घेण्यापूर्वी कोणती बटणे चालतात, कोणती चालत नाहीत आणि कोणती न दाबताही दाबल्यासारखी वागतात, याची कागदावर नोंद करावी, कारण दोषाची जागा बहुतेक वेळा त्या नोंदीतूनच कळते.

बटणाखाली मायक्रोस्विच असतो, म्हणजे किंचित दाबताच आतली ताणलेली पत्ती झटकन एका संपर्कावरून दुसऱ्यावर नेणारा छोटा स्विच. अमेरिकी धाटणीच्या बटणांतील या स्विचला तीन पाती असतात : सामाईक पाते, एरवी सुटे असून दाबल्यावर जोडले जाणारे ‘एनओ’ आणि एरवी जोडलेले असून दाबल्यावर सुटणारे ‘एनसी’. आर्केडला यांपैकी पहिली दोनच लागतात. तार चुकून ‘एनसी’वर बसली, तर संगणकाला बटण कायम दाबलेले वाटते आणि पडद्यावरची यादी आपोआप सरकत राहते. सान्वा या जपानी कंपनीच्या ३० मिलिमीटर बटणांना दोनच पाती असल्याने तेथे ही चूक संभवत नाही. मात्र ती पाती सुमारे २.८ मिलिमीटर रुंद असतात, आणि अमेरिकी स्विचच्या ४.८ मिलिमीटर पात्यांसाठीचा लग त्यांवर चढवला, तर तो वरवर बसतो पण हादऱ्याने सुटतो.

एन्कोडर, म्हणजे बटणांचे संकेत यूएसबीमार्गे संगणकाला कळवणारी पाटी, आपल्या प्रत्येक इनपुटवर पुल-अप रोधाच्या साहाय्याने ठराविक व्होल्टेज टिकवून ठेवते. बटण दाबल्यावर ते इनपुट ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, जोडले जाते आणि त्या घसरणीलाच दाब समजले जाते. अनेक एन्कोडरांत ही ग्राउंडची तार एका बटणावरून दुसऱ्यावर अशी साखळीने नेलेली असते. त्यामुळे पहिली तीन बटणे चालून चौथ्यापासून पुढची सगळी मुकी असतील, तर तिसऱ्या आणि चौथ्या बटणामधला दुवाच तपासावा. मधले एकच बटण मुके असेल, तर त्याची स्वतःची संकेत-तार किंवा त्याच्या पात्यांवरचे लग पाहावेत.

दोषाचे क्षेत्र झटपट निम्मे करण्यासाठी तारेचा एक आखूड तुकडा पुरतो. मुक्या बटणाचे इनपुट एन्कोडरच्याच पाटीवर त्या तुकड्याने ग्राउंडला टेकवावे. संगणकाने दाब नोंदवला, तर एन्कोडर आणि त्यापुढचे सारे ठीक आहे, असे निश्चित मानता येते. मग तोच तुकडा मायक्रोस्विचच्या दोन पात्यांवर टेकवावा. येथेही दाब उमटला तर स्विच सदोष आहे, आणि न उमटला तर तार किंवा लग. अशा वेळी वीज बंद करून मल्टिमीटर बझरवर ठेवावा व त्याचे एक टोक लगवर न लावता प्रत्यक्ष पात्याच्या धातूवर लावावे, कारण तांब्याऐवजी तारेच्या प्लास्टिक वेष्टनालाच चावलेला लग ओढूनही निघत नाही, दिसायला निर्दोष असतो आणि तरीही वीज वाहू देत नाही. दोष हुडकण्यात सर्वाधिक वेळ घेणारा लग हाच.

एन्कोडरऐवजी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनांना बटणे थेट जोडणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. या पिना ३.३ व्होल्टच्या असून त्यांवर ५ व्होल्ट आल्यास पाय निकामी होऊ शकतो. शिवाय पाय सुरू होताना ० ते ८ क्रमांकांच्या जीपीआयओ (इनपुट-आउटपुटच्या) पिना पुल-अप, तर ९ ते २७ पुल-डाउन, म्हणजे शून्य व्होल्टकडे ओढलेल्या, स्थितीत असतात. म्हणून प्रणालीत पुल-अप चालू केलेला नसेल, तर ग्राउंडला जोडणारे बटण ५ क्रमांकावर चालते आणि तेच १७ वर मुके राहते.

नाण्याचे बटण एकदा दाबले असता दोन नाणी मोजली जात असतील, तर संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात, हे त्याचे कारण होय. तयार एन्कोडर ही थरथर गाळतात, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र पाच-दहा मिलिसेकंदांची उसंत ठेवावी लागते.

लिनक्सवरील ‘जेएसटेस्ट’ या बटण-चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये दाब दिसतो पण खेळात उमटत नाही, अशा वेळी तारांना हात लावू नये, मेम या आर्केड खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टॅब कळ दाबून इनपुटची नेमणूक पाहावी. दोन सारखेच एन्कोडर असतील, तर पुन्हा सुरू करताना त्यांचा क्रम बदलून पहिल्या खेळाडूची बटणे दुसऱ्याला जाऊ शकतात. त्यावर उपाय म्हणून एन्कोडर ज्या यूएसबी पोर्टला जोडला आहे, त्यावरून त्याची ओळख ठरवणारा नियम लिनक्समध्ये लिहून ठेवावा.