प्लंबर येईपर्यंतचा एक तास

नळ फुटायला मुहूर्त लागत नाही. बेसिनखालची जोडनळी रात्री अकराला सुटते, भिंतीतला जोड ऐन सणाच्या दिवशी निखळतो आणि प्लंबर फोनवर सांगतो, ‘तासाभरात येतो.’ गच्चीवरच्या टाकीतून तीन मजले, म्हणजे सुमारे १० मीटर खाली आलेल्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो असतो. या दाबाने अर्धा इंची पाइपातून मिनिटाला १५-२० लिटर पाणी सहज पडते. म्हणजे तासाभरात १,००० लिटरची टाकी घरातच रिकामी होऊ शकते. त्या तासात घरातल्यांनी काय केले यावर फर्निचरच नव्हे, तर माणसांची सुरक्षितताही अवलंबून असते.

फुटलेली जागा हाताने दाबून धरण्यात वेळ घालवू नये. पाणी मागून बंद करावे. सिंक, बेसिन आणि फ्लशच्या टाकीजवळ छोटा अँगल कॉक असतो. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की तेवढाच भाग बंद होतो. गळती भिंतीत असेल तर बाथरूमचा किंवा घराचा मुख्य व्हॉल्व्ह गाठावा. दांडीचा व्हॉल्व्ह असेल तर दांडी पाइपला आडवी झाली की पाणी बंद. गोल चाकाचा असेल तर बरेच फेरे द्यावे लागतात. जाम झालेल्या चाकावर हातोडी मारू नये. आतला दांडा तुटला तर व्हॉल्व्ह कायमचा उघडा राहतो. अशा वेळी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि टाकी पुन्हा भरू नये म्हणून पंपही बंद ठेवावा. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर घरातले सर्वांत खालचे नळ उघडावेत. पाइपात अडकलेले पाणी गळतीऐवजी तिथून निघून जाते.

गरम पाण्याची लाइन फुटली तर आधी गीझरचे बटण बंद करावे, मग गीझरमध्ये येणाऱ्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह. साठवणीच्या गीझरमधले गरम पाणी बाहेर पडते ते मागून येणाऱ्या थंड पाण्याच्या रेट्याने. तो रेटा थांबला की गरम पाण्याचा प्रवाहही थांबतो. ६० अंश सेल्सिअसचे पाणी मोठ्या माणसाची त्वचाही काही सेकंदांत भाजते, हे लक्षात ठेवून लहान मुलांना आधी दूर न्यावे.

पाणी प्लगपर्यंत, एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत किंवा छतातल्या दिव्यापर्यंत पोचले असेल तर क्रम बदलतो; आधी वीज, मग पाणी. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. कोरड्या जागी, कोरड्या हातांनी आणि रबरी चपला घालून मुख्य स्विच बंद करावा. तिथे जाण्यासाठी साचलेल्या पाण्यातून चालावे लागणार असेल तर जाऊच नये. वीज कंपनीला कळवावे. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरवरचे दिवे-पंख्यांचे पॉइंट चालूच राहतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

पाणी थांबल्यावर पाइप पुसून कोरडा करावा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून, चिरेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे जाईल अशी गुंडाळावी आणि तारेने आवळावी. दोन गोळे मळून लावायचे एम-सील कोरड्या जागीच धरते; वाहत्या पाण्यावर लावून उपयोग नाही. टेफ्लॉन टेप आट्यांसाठी असते, चिरेवर ती टिकत नाही. हे सारे उपाय प्लंबर येईपर्यंतचेच.

मोरी तुंबली असेल तर मोह होतो तो ॲसिड ओतण्याचा. आधी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच टाकले असेल आणि त्यावर ॲसिड पडले, तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. खोकला, डोळ्यांची जळजळ सुरू झाली तर लगेच बाहेर पडावे. डोळ्यात रसायन उडाले तर किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टर गाठावा. पण मुख्य व्हॉल्व्ह बंद असेल तर नळाला पाणीच नसते! म्हणून पाणी बंद करण्यापूर्वी, धोका नसेल तर, एक-दोन बादल्या भरून ठेवाव्यात.

चेंबर किंवा सेप्टिक टँक तुंबला तर आत उतरू नये आणि कुणाला उतरवूही नये. तिथल्या हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास जास्त प्रमाणात नाकाला जाणवेनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे नव्हे. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

सांडपाणी जमिनीखालच्या टाकीत शिरल्याची शंका आली तरी ते पाणी पिणे त्याच क्षणी थांबवावे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळून हजारो लोकांना कावीळ झाली. ती हेपेटायटिस ‘ई’ची साथ होती, असे पुढे निष्पन्न झाले. टाकी उपसून, घासून, निर्जंतुक करेपर्यंत दुसरीकडचे पाणी आणावे आणि खळखळून उकळून प्यावे. ठरावीक वेळच पाणी येणाऱ्या गावांत नळाचा दाब गेला की फुटक्या पाइपातून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यामुळे छोटी गळतीही महिनोन् महिने तशीच ठेवणे बरे नाही.

यातले निम्मे काम आजच करता येते. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही दाखवावे. प्रत्येक व्हॉल्व्हवर रंगाने खूण करावी आणि तीन-चार महिन्यांतून एकदा तो फिरवून पाहावा. न फिरवलेला व्हॉल्व्ह गरजेच्या वेळीच जाम झालेला सापडतो.