घाटात तापलेले इंजिन

उन्हाळ्याच्या दिवसांत मोलेहून अनमोडचा घाट चढताना, किंवा आंबोलीच्या वळणांवर, केबिन पुढे कलवून कडेला उभे राहिलेले ट्रक प्रवाशांच्या दृष्टीस हटकून पडतात. बसच्या खिडकीतून पाहणाऱ्यास तो घटकाभराचा खोळंबा वाटतो. ज्या घरची चूल त्या चाकांवर पेटते, त्या घरास तो खोळंबा फार महाग पडतो. कर्ज काढून घेतलेला एकच ट्रक, बाप चालक आणि मुलगा क्लीनर, अशी घरे बेळगाव-खानापूरकडे थोडी नाहीत. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर त्यांची मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. इंजिनाचे हेड तडकले म्हणजे मिस्त्रीचे बिल तर येतेच, शिवाय गाडी उभी असली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. तेव्हा हा विषय कुटुंबाच्या मासिकात अस्थानी ठरू नये.

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो, जवळजवळ तेवढाच धुराबरोबर निघून जातो आणि उरलेल्यातील बहुतेक भाग पाण्याच्या द्वारे बाहेर टाकावा लागतो. ते काम रेडिएटरचे. १९००च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला, तेव्हापासून तत्त्व तेच राहिले आहे: पाणी बारीक नळ्यांत वाटून द्यावयाचे आणि त्यांच्यामधून वारा खेळवावयाचा. सपाट रस्त्यावर हा वारा गाडीच्या वेगाने आपसूक मिळतो. घाटात वेग बैलगाडीचा आणि श्रम हत्तीचे. वारा काय तो पंख्याचा. पंखा व पाण्याचा पंप दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असतात. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हत ठेवून डिझेल वाचवू पाहणारा चालक पंखा आणि पंप दोघांनाही मंद करतो. वेळीच गिअर खाली टाकून फेऱ्या राखणारी गाडी सहसा थंड डोक्याने माथा गाठते. (आमच्या मते ही गोष्ट वाहन चालवण्याच्या परवान्यापूर्वी तोंडी परीक्षेत विचारावी.)

काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला की भार कमी करून सुरक्षित जागी थांबावे. पाणी शाबूत असेल व पट्टा फिरत असेल, तर इंजिन एकदम बंद न करता काही मिनिटे मोकळे चालू द्यावे. पाणी फिरत राहून उष्णता सर्वत्र सारखी उतरते. वाफ उसळली असेल, पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर मात्र तत्क्षणी बंद करावे. येथे काट्याची एक फसवणूक ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाणी पुरते संपले म्हणजे तापमापकाचे टोक कोरडे पडते आणि काटा उलट खालीही येऊ शकतो. चढावर काटा अकारण उतरला तर आनंद मानू नये.

यापुढचा अर्धा तास सर्वांत धोक्याचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. येथे उघड्या भांड्यातील पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण स्प्रिंगच्या जोरावर आत दाब राखते. हा दाब हवेच्या दाबाहून एक वातावरण अधिक असेल, तर समुद्रसपाटीवर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या गळ्यावर व हातावर अशा वाफेचे व्रण आहेत. तो तेव्हा १७ वर्षांचा क्लीनर होता आणि वरच्या आवाजात ‘उघड’ म्हणणारा माणूस केबिनमध्ये बसून होता. वरच्या रबरी नळीस हात लावून ती कोमट वाटेपर्यंत थांबावे, मग जाड फडके घालून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे व फुसफुस थांबल्यावर काढावे. तापलेल्या इंजिनात ओढ्याचे गार पाणी ओतणे हाही आततायीपणाच. त्याने हेड तडकते. उतारावर न्यूट्रल करून इंजिन ‘निववण्या’चा प्रकार तर निव्वळ आत्मघात होय, कारण इंजिनाची अडवणूक गेली की सारा बोजा ब्रेकवर पडतो.

कारण शोधताना स्वस्तापासून महागाकडे जावे. आधी बाहेरची जाळी: चिखल, पाचट, कीटक यांनी ती बुजली असेल तर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस सौम्य धारेने धुवावी. मग पंख्याचा पट्टा, नळ्यांचे सांधे, झाकणाचे रबर. इंजिनाच्या फेऱ्या वाढवताच खालची नळी चपटी होत असेल तर ती बदलावी. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्यास आत चुन्याचा थर चढतो आणि बाहेरून चकचकीत दिसणारा रेडिएटर आतून निकामी होतो. कंपनीने सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून घालणे यावर उतारा. थंड इंजिन चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, पांढरा धूर व तेलात दुधाळ रंग दिसत असेल, तर गॅस्केटचा संशय धरून गाडी पुढे नेऊ नये.

राहिला थर्मोस्टॅट. ‘आपल्या उष्ण देशात तो हवा कशाला’ म्हणून काढून फेकणारे मिस्त्री अजून भेटतात. कित्येक इंजिनांत तो काढल्याने आडवाट कायमची उघडी राहते, पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते आणि गाडी अधिकच तापते. त्याची परीक्षा घरच्या स्वयंपाकघरात होते. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने तळापासून वर टांगावा, शेजारी तापमापक सोडावा आणि मंद आच द्यावी. बहुधा ८० अंशांच्या आगेमागे, त्याच्यावर कोरलेल्या आकड्याजवळ झडप हलू लागते आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पुरती उघडते. उकळी आली तरी झडप मिटलेलीच असेल, तर तो थर्मोस्टॅट बदलावा. हा प्रयोग आम्ही नववीच्या मुलांस दरवर्षी करून दाखवतो. त्या दिवशी मागच्या बाकावरची मुले आपण होऊन पुढे येऊन बसतात.