मेल येतात, पण जात नाहीत? आधी ‘आउटबॉक्स’ उघडा

टेंडरची मुदत संध्याकाळी पाचची. कोटेशन दुपारीच ‘सेंड’ केलेले. प्रत्यक्षात ते आउटलुकच्या आउटबॉक्समध्येच अडकलेले. नवे मेल येत असतात, त्यामुळे शंकाही येत नाही. पण येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलची सेटिंग वेगवेगळी असते. जाणारे मेल एसएमटीपी सर्व्हरमार्फत जातात आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

पोर्ट २५ असेल तर बदला. स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या तो बंद ठेवतात. ५८७ टाकल्यास एन्क्रिप्शनमध्ये ‘स्टार्टटीएलएस’ निवडा, ४६५ टाकल्यास ‘एसएसएल/टीएलएस’. ही जोडी चुकली की मेल जागचा हलत नाही.

जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही, आणि बरेच जण तोच पुन्हा पुन्हा टाकत बसतात. थंडरबर्डमध्ये ‘ओऑथ२’ निवडा. प्रोग्रॅम जुना असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

एखादाच मेल अडकला असेल तर अटॅचमेंट तपासा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे.

मुदत तोंडावर असेल तर सेटिंगशी झटापट नको. मेल ब्राउझरमधून पाठवा. मात्र आउटबॉक्समधली प्रत आधी काढून टाका, नाहीतर दुरुस्तीनंतर तीही जाईल.