गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागिरांची संख्या मोठी आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून तालुक्याच्या एस.टी. स्टँडजवळील पत्र्याच्या गॅरेजपर्यंत कित्येक कुटुंबांची चूल पान्यावर पेटते. यांपैकी बहुतेकजण हे काम उस्तादांच्या हाताखाली शिकलेले असतात. या शिक्षणात हात उत्तम तयार होतो, पण दोष शोधण्याची पद्धत मात्र अनेकदा राहून जाते. गिऱ्हाईक म्हणाले, ‘गिअर पडत नाही’, की लगेच ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असे उत्तर दिले जाते. आमच्या मते हे उत्तर धंद्याच्या मुळावर येणारे आहे.

आमच्या परिचयातील एका दुकानदाराचे उदाहरण घ्या. त्यांची मारुती ८०० माल पोचविण्याच्या कामी असे. एके दिवशी पहिला व रिव्हर्स गिअर खरखर करू लागला. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरविला, सिंक्रो रिंगा बदलल्या, बॉक्स चढविला. तीन दिवस गाडी बंद. गाडी बाहेर काढली तर तीच खरखर! शेवटी दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी वाकून पेडलखाली हात घातला. गाडीत नवे जाड मॅट टाकले होते आणि त्यामुळे क्लचचे पेडल पूर्ण खाली जात नव्हते. मॅट मागे सरकविले, वायर जराशी ताणली, काम झाले. पहिल्या गॅरेजवाल्याने फसविले असे आम्ही म्हणणार नाही. त्याने मेहनत केली, पण तपासले नाही. गिऱ्हाईकाला मात्र दोन्हींतला फरक कळत नाही. ते पुन्हा त्या दारात गेले नाहीत आणि त्यांचे नातेवाईकही गेले नाहीत.

म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी पाच मिनिटे प्रश्न विचारावेत. सगळेच गिअर जड जातात की एकच? गाडी थंड असताना की तापल्यावर? उभ्या गाडीत की चालत्या गाडीत? अलीकडे क्लचचे, ऑइलचे किंवा इंजिन फाउंडेशनचे काम झाले आहे काय? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात पुष्कळदा निम्मा दोष सापडतो.

त्यानंतरची परीक्षा अगदी सोपी आहे, आणि सर्वांत मोलाची तीच. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकामागून एक टाकून पाहावेत. (उभ्या गाडीत कधी दातावर दात येऊन एखादा गिअर अडतो, गाडी वीतभर ढकलून पुन्हा पाहावे.) मग हँडब्रेक ओढून, गाडीसमोर व मागे कोणी उभे नाही याची खात्री करून, इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबून तेच करावे. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, तर गिअरबॉक्स बहुधा निर्दोष आहे. क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन बंद असतानाही जड जातात, तर लिव्हरपासून बॉक्सपर्यंतचे दांडे, बुश, केबल किंवा बॉक्समधील सिलेक्टरकडे पाहावे.

क्लच सुटत नाही याचा आणखी एक पुरावा रिव्हर्स गिअर देतो. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावे, मनात दहापर्यंत मोजावे आणि मग रिव्हर्स टाकावा. एवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबायला हवा. तरीही खरखर झाली, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला घासते आहे असे समजावे. गिअर टाकल्यावर पेडल दाबलेले असूनही गाडी पुढे रेटत असेल तर शंकाच नको.

आता क्लच का सुटत नाही? मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, पण या गाड्या अजून गॅरेजात येतात. त्यांत क्लच वायरीवर चालतो. वायर लांबते, तिच्या तारा तुटू लागतात, आवरणात गंज बसतो. पेडलची मोकळी चाल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला आणावी. चाल फार ठेवली तर क्लच सुटत नाही, अजिबात ठेवली नाही तर क्लच घसरते. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये प्रथम डबीतील तेलाची पातळी पाहावी. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर सहज पडत असेल, तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचे रबर गेले आहे. हे सर्व काम गाडीच्या बाहेरून होते. यानंतरच प्रेशर प्लेट, वाकडी झालेली क्लच प्लेट किंवा शाफ्टवर अडकणारी प्लेट यांचा विचार करावा. त्यासाठी बॉक्स उतरवावा लागतो हे खरे, पण तो उघडावा लागत नाही. गिऱ्हाईकाला हा फरक समजावून सांगावा.

क्लच ठीक आहे, पण चालत्या गाडीत एकच गिअर, समजा दुसरा, खरखरतो. येथे सिंक्रो रिंगवर संशय घ्यावा. पडताळा असा: क्लच दाबून न्यूट्रल करावे, क्लच सोडावा, वरून खाली गिअर घेत असल्यास थोडा रेस द्यावा, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकावा. जुने ट्रक ड्रायव्हर असेच चालवीत. असे केल्यावर आवाज नाहीसा झाला, तर रिंग झिजली आहे. येथे बॉक्स उघडण्यास आमची हरकत नाही.

त्याआधी ऑइल मात्र जरूर पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून पातळी बघावी आणि थोडे ऑइल पांढऱ्या कागदावर घ्यावे. नटाच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा थर असणे नेहमीचे आहे. लोखंडाचे कपचे दिसले तर दात किंवा बेअरिंग गेले. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक म्हणजे रिंगांचे पितळ. ऑइल घेताना डब्यावर जीएल-४ लिहिले आहे की जीएल-५ हे वाचावे. जीएल-५ हे मुख्यतः मागच्या डिफरन्शियलसाठी असते. ते पितळी रिंगांच्या बॉक्समध्ये घातल्यास गिअर जड होऊ शकतो आणि काही प्रकारांत पितळही खाल्ले जाते. ‘जाड ऑइल घाला, आवाज बंद होईल’ हा सल्ला तर सोडूनच द्यावा. आवाज दबतो, पण सकाळी थंड गाडीत गिअर पडत नाही.

गिअर आपोआप निसटत असेल तर पुन्हा बाहेरूनच सुरुवात करावी. ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना लिव्हर फार पुढेमागे हलतो काय? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनची माउंटिंग तुटली की इंजिन डोलते आणि दांडा गिअर ओढून काढतो. रबराचा हा एक तुकडा बॉक्सच्या कामापुढे अगदी किरकोळ खर्चाचा आहे. बुश झिजले असल्यास गिअर अर्धवटच पडतो व निसटतो. हे ठीक असेल तरच आतील फोर्क, स्प्रिंग-गोळी किंवा गोल झालेले दात. ड्रायव्हरला सवय असेल तर लिव्हरवर हात टेकून न चालविण्यास सांगावे; फोर्क त्यानेही झिजतो.

आवाजाबाबत एवढे ध्यानात ठेवावे: न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना घरघर येते व दाबल्यावर थांबते, तर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग, उलट दाबल्यावर सुरू होते, तर रिलीज बेअरिंग.

तपासणीचे पैसे घ्यावेत की नाही, असा प्रश्न आम्हास काही कारागीर विचारतात. अवश्य घ्यावेत, मात्र आधी सांगून. अर्ध्या तासाचे ज्ञान हीसुद्धा मेहनतच आहे. ते फुकट द्यायचे आणि नंतर न लागणाऱ्या सामानात वसूल करायचे, यापेक्षा उघड मजुरी शतपटीने हलाल. बदललेले जुने सामान पिशवीत घालून गिऱ्हाईकाच्या हाती द्यावे.

जुना गिअरबॉक्स विकणाऱ्या बांधवांनाही दोन शब्द. धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल बाहेर काढणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. भंगारातील बॉक्सची ओल ऑइलमध्ये असते. ऑइल काढून धुऊन-पुसून ठेवलेला बॉक्स पाहून गिऱ्हाईकाने काय ओळखावे? बॉक्समध्ये ऐब असल्यास सांगून विकावा, भाव कमी घ्यावा. घेणाऱ्याने शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून पाहावा, शाफ्ट वरखाली हलवून ढिलाई बघावी, आत बोट घालून ऑइल कागदावर पुसावे आणि गाडीत चढवून चालवून पाहण्याची मुदत पावतीवर लिहून घ्यावी.