कागदाला नोंद हवी

मुंबईत दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीच्या इमारती सगळ्यांना दिसतात. त्यांच्यामागचा लढा मात्र कागदांत आहे. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन सामान्यांच्या घरांना मिळावी, म्हणून मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांचे सहकारी नागरी निवारा परिषदेतर्फे झगडले. हा कायदा महाराष्ट्रात 2007 साली रद्द झाला. म्हणजे ही घरे ज्या आधाराने उभी राहिली, तो आधारही आता इतिहासजमा झाला आहे. अशा लढ्याचे दप्तर सरकारी कचेरीत पूर्ण सापडत नाही. सभेची नोटीस, हप्त्याची पावती, मोर्च्याचा फोटो हे सारे घरातल्या कपाटात नाहीतर माळ्यावर पडून राहते आणि घर बदलताना रद्दीत जाते. हे कागद वाचवायचे, तर अभिलेखागारांत इंटर्नशिपसाठी येणारे विद्यार्थी आणि स्वयंसेवक हवेत. मात्र त्यांच्याकडून स्कॅनिंगआधी नोंद करून घ्यायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

कागद जपणे आणि कागद बोलता करणे यांतले अंतर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ओळखले होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 साली आला, तो नुसता पत्रांचा गठ्ठा नव्हता. पत्रांचा काळ, संदर्भ आणि विश्वसनीयता तपासणारी दीर्घ प्रस्तावना त्याला होती. आजच्या साधनांनाही हाच न्याय लागू आहे. समजा, एका फोटोत हातात लाटणी घेतलेल्या बायका आहेत. 1972 नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनाचा हा फोटो असेल, असे वाटते. पण पाठीमागे फोटो स्टुडिओचा शिक्का आहे का, फलकावर कोणत्या संघटनेचे नाव आहे, फोटो कोणाच्या घरून आला, त्यातल्या कोणाला कोण ओळखते, हे लिहिलेले नसेल तर तो 'महिलांचा मोर्चा' एवढाच उरतो. स्कॅन केल्याने हे अज्ञान फक्त अधिक स्वच्छ दिसते. दहिसरची 'स्पॅरो' ही स्त्रियांविषयीची साधने जपणारी संस्था याच जाणिवेतून उभी राहिली. सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी 1988 मध्ये तिची स्थापना केली. छायाचित्रे आणि भित्तिपत्रकांबरोबर बायकांच्या तोंडून त्यांचे आयुष्य ध्वनिमुद्रित करण्यावर तिने भर दिला, कारण पुष्कळ संदर्भ कागदावर उतरलेलेच नसतात.

हे काम विद्यार्थ्यांकडे सोपवण्यावर पहिला आक्षेप असा, की अननुभवी हात जुना कागद फाडतील. भीती खरी आहे, पण पहिल्या दिवशी गंजलेली टाचणी ओढून न काढणे, पेन बाजूला ठेवून पेन्सिल वापरणे, गठ्ठ्याचा मूळ क्रम न मोडणे एवढे शिकवता येते. फार नाजूक कागद जाणकारांनीच हाताळावेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: फुकटचे हात मिळाले की संस्था पगारी माणूस नेमणार नाही. म्हणूनच विद्यार्थ्याने केलेली नोंद प्रशिक्षित अभिलेखपालाने तपासलीच पाहिजे; तो नसेल तिथे इंटर्नशिप म्हणजे निव्वळ वेठबिगारी. तिसरा आक्षेप वेळेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मापाने इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे चार क्रेडिटना 120 तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. एवढ्यात संशोधक घडत नाही, हे खरेच. पण एक लहान संग्रह पूर्ण नोंदवून होऊ शकतो. प्रमाणपत्रावर तास लिहिण्याऐवजी त्या नोंदीखाली विद्यार्थ्याचे नाव लिहावे. जबाबदारी आणि श्रेय दोन्ही तिथेच दिसतील.

दिंडोशी आणि दहिसर आता एकाच मेट्रो मार्गावर आहेत. या पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी इंटर्नशिपसाठी लांबची नामांकित कचेरी शोधण्याआधी आपल्या वस्तीचे दप्तर पाहावे, आणि निवृत्त रहिवाशांनी स्वयंसेवक म्हणून विद्यार्थ्यांशेजारी बसून फोटोतली माणसे ओळखून द्यावीत. कागदाला थोडी वाट पाहता येईल, माणसांना नाही. तेव्हा यंदाच्या दिवाळीत माळा आवरताना हाती आलेला जुना फोटो टाकू नका. त्याच्या मागे पेन्सिलने, हलक्या हाताने, नाव आणि साल लिहा.